लांबचा आजार आणि घरचा हिशेब

गारपीट आणि वाळवी

गारपीट आपल्याला ठाऊक आहे. तासाभरात उभे पीक आडवे होते. नुकसान मोठे, पण ते डोळ्यांना दिसते. तलाठी येऊन पंचनामा करतो. सोयरेधायरे विचारपूस करतात.

वाळवीचे तसे नाही. ती तुळईत शिरते आणि आतून खात राहते. बाहेरून तुळई धडधाकट दिसते. पाच-दहा वर्षांनी एक दिवस छप्पर खाली येते. तेव्हा सगळे म्हणतात, "अरेच्चा, हे कधी झाले?"

आजारही असे दोन तऱ्हेचे असतात. साप चावला, आतडे फुगले, हा गारपिटीसारखा आजार. महिनाभरात इकडे तरी किंवा तिकडे तरी. पण काही आजार वाळवीसारखे असतात. ते हळूहळू वाढतात. दहा-पंधरा वर्षे घरात मुक्काम करतात. ते माणसाला पोखरतात आणि घरालाही पोखरतात. अशा आजारात घर कसे सांभाळावे, हे आज आपण पाहू.

आम्ही डॉक्टर नव्हे. आम्ही मॅट्रिक झालेले जुने शाळामास्तर. पण हा आजार आमच्या थोरल्या बंधूंच्या घरी आला. आम्ही त्यांना दादा म्हणतो. त्या घरात जे चुकले तेही आम्ही पाहिले, आणि पुढे जे सावरले तेही पाहिले. दोन्ही सांगतो.

कंपवात म्हणजे काय?

दादांच्या आजाराचे नाव कंपवात. डॉक्टर त्याला पार्किन्सन म्हणतात. जेम्स पार्किन्सन नावाच्या एका इंग्रज डॉक्टराने १८१७ साली या आजाराचे पहिल्यांदा नीट वर्णन केले, म्हणून ते नाव. आपल्या आयुर्वेदातही कंपवाताचे नाव जुने आहे.

२०१२ साली दादांच्या उजव्या हाताचा अंगठा हलू लागला. स्वस्थ बसले की जास्त हले. तळहातावर तंबाखू मळावी तसे दिसे. मग चाल मंदावली. पावले आखूड पडू लागली. सही बारीक बारीक होत गेली. चेहरा हसेना. लोक म्हणत, "दादा रागावलेत का?" ते रागावलेले नव्हते. चेहऱ्याचे स्नायूच ताठ झाले होते.

असे का होते? आपल्या मेंदूत एक छोटासा भाग आहे. तिथल्या पेशी डोपामीन नावाचा रस तयार करतात. हातपाय सहज हलायला हा रस लागतो. गाडीच्या आसाला वंगण लागते ना, तसेच समजा. या आजारात त्या पेशी एकेक करून मरत जातात. रस कमी पडतो. मग अंग ताठते, हात कापतो, तोल जातो.

तीन गोष्टी इथेच सांगून टाकतो. हा आजार शिवल्याने होत नाही. ही करणी नव्हे, भानामती नव्हे. आणि हात कापला म्हणजे कंपवातच झाला असेही नाही. उलटीची, चक्करेची आणि मानसिक आजाराची काही औषधे घेतल्यानेही असा कंप येतो. औषध बदलले की पुष्कळदा तो जातो. म्हणून डॉक्टरकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात.

आता मोठी गोष्ट. मेलेल्या पेशी परत जिवंत करणारे औषध अजून जगात कोठेही निघालेले नाही. पण उणा पडलेला रस भरून काढणारे औषध आहे. त्याचे नाव लेव्होडोपा. १९६० नंतरच्या दहा वर्षांत ते वापरात आले. ते सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. त्याने आजार मुळापासून जात नाही. पण माणूस चालतो, जेवतो, अंगात सदरा घालतो. वर्षानुवर्षे हे चालते.

म्हणजे हा आजार बरा होत नाही, पण सांभाळता येतो. ही एक गोष्ट ज्या घराला वेळेवर कळली, ते घर निम्मे वाचले. आम्हाला ती उशिरा कळली.

एक एकर जमीन

दादांची तीन एकर जिरायत जमीन. तालुक्याच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या होत्या. गुणही आला होता. पण "जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतील," हे शब्द घरात कोणाला पचले नाहीत.

२०१४ साली कोणीतरी शहरातल्या एका दवाखान्याचा पत्ता दिला. तिथे सांगितले, "नव्या पेशी टोचतो. सहा महिन्यांत हात थांबेल." लेखी काही दिले नाही. पैसे आधी मागितले. दादांनी ओढ्याकाठची एक एकर विकली. ते पुरेना, म्हणून सावकाराकडून ६०,००० रुपये उचलले. व्याज शेकडा तीन, दर महिन्याला.

पेशी टोचून दादा घरी आले. वहिनी आम्हाला म्हणाल्या, "भाऊजी, आता गोळ्या कशाला? सुई टोचली ना!" आम्हीही मान हलवली. शिकलेले असून हलवली. आपल्या देशात कंपवातावर पेशी टोचण्याचा उपचार मान्य झालेला नाही, हे आम्हाला पुढे कळले.

सहा महिने गेले. हात थांबला नाही. आता हिशेब पाहा. ६०,००० रुपयांवर शेकडा तीन म्हणजे महिन्याला १,८०० रुपये व्याज. दादांच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च याहून कमी होता! पण सावकार दारात उभा राहतो. गोळी काही दारात येऊन उभी राहत नाही. म्हणून व्याज दिले गेले आणि गोळ्या राहिल्या. कधी दोनच्या जागी एक, कधी आठवडाभर एकही नाही.

मग अंग लाकडासारखे ताठले. एका पहाटे न्हाणीत दादा पडले. मनगट मोडले. आता त्यांना एकटे सोडता येईना. सूनबाई खुरपणीला जात असे, ती घरी बसली. तिची मजुरी बुडाली. पुन्हा पैशांची चणचण आली, तेव्हा सून कामावर जाऊ लागली आणि आजोबांपाशी नात बसू लागली.

नात आमच्याच शाळेत होती. चौथीत. आम्ही तेव्हा तिथे मुख्याध्यापक होतो. महिनाअखेरीस हजेरीपट तपासायला घेतला. तिच्या नावापुढे अकरा गैरहजेऱ्या होत्या. गैरहजर मुलांच्या घरी जाऊन आईबापांना समजावणे, हे आम्ही तीस वर्षे केले होते. आणि आमच्याच घरचे मूल अकरा दिवस शाळेत नव्हते.

त्या रात्री आम्ही, वहिनी, पुतण्या आणि सूनबाई कंदिलाभोवती बसलो. वीज गेली होती. एक वही घेतली. गेल्या तीन वर्षांत पैसा कोठे कोठे गेला ते लिहून काढले. तेव्हा दिसले की आजाराने जितके नेले, त्याहून जास्त आमच्या घाईने आणि अज्ञानाने नेले. सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे गोळी. तीच आम्ही आधी तोडली होती. तिच्यामागोमाग बाकीचे सगळे तुटत गेले.

पैसा कोणत्या वाटांनी जातो?

ज्या घरी असा आजार आहे, त्या घराने एक वही करावी. तुम्हाला आता लिहिता-वाचता येते. मग ही वही तुमचीच तुम्ही लिहा. पैसा चार वाटांनी जातो.

पहिली वाट औषधांची. दुसरी वाट प्रवासाची. तिसरी वाट पडझडीची, म्हणजे रोगी पडला, हाड मोडले, छातीत कफ झाला, दवाखान्यात ठेवावे लागले. चौथी वाट बुडालेल्या मजुरीची. ही चौथी वाट कोणी लिहीत नाही, कारण तो पैसा हातात आलेलाच नसतो. पण बहुधा सर्वांत जास्त पैसा इथूनच जातो.

आता एकेक वाट कशी बुजवायची ते पाहू.

पहिली वाट : औषध

एकाच औषधाच्या गोळ्या अनेक कंपन्या करतात. वेष्टनावरचे नाव निराळे, आतले औषध तेच. भावात मात्र फार फरक. सरकारची जन औषधी केंद्रे आहेत. देशात आज अशी १५,००० हून अधिक केंद्रे आहेत. तिथे पुष्कळ औषधे बाजारभावापेक्षा ५० ते ८० टक्के कमी भावात मिळतात. डॉक्टरांना सांगावे, "साहेब, औषधाचे मूळ नाव मोठ्या अक्षरांत लिहून द्या." ती चिठ्ठी घेऊन केंद्रात जावे.

पण एक सांभाळा. कंपवाताच्या गोळीत दोन औषधे एकत्र असतात. म्हणून तिच्यावर दोन आकडे छापलेले असतात. १०० आणि २५, किंवा १०० आणि १०, असे. नवी गोळी घेताना दोन्ही आकडे जुन्या गोळीशी जुळवून पाहा. आकडे इंग्रजीत असतात. इंग्रजी आकडे शिकून घ्या, एका दिवसाचे काम आहे. आणि पहिल्यांदा गोळी बदलली की ती डॉक्टरांना दाखवून घ्या.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार मोफत झाले आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय ही सगळी त्यात आली. कंपवाताच्या गोळ्या तिथे शिल्लक आहेत का, ते दर वेळी आधी विचारावे.

गोळी घ्यायची रीतही पैसे वाचवते बरं का! ही गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी घेतली तर चांगली लागू पडते. डाळ, दूध, अंडी यांच्याबरोबर घेतली तर तिचा गुण कमी होतो. मग घरचे म्हणतात, "गोळी चालत नाही, भारी गोळी द्या." गोळी चालत असते, वेळ चुकलेली असते. मात्र रिकाम्या पोटी मळमळ होत असेल तर डॉक्टरांना विचारून भाकरीच्या तुकड्याबरोबर घ्यावी.

गोळी एकाएकी कधीही बंद करू नये. ताप चढतो, अंग फार ताठते, जिवावर बेतते. संपायच्या आठ दिवस आधी नवी आणून ठेवावी.

काही लोक खाजकुयलीच्या बियांची पूड घेतात. खाजकुयलीत लेव्होडोपा असते, ही गोष्ट खरी. पण एका चमच्यात ते किती आहे, हे घरी कळत नाही. गोळीवर पूड घेतली तर मात्रा जास्त होऊ शकते. डॉक्टरांना न सांगता असे करू नये.

मेंदूत बारीक तार बसवण्याची एक शस्त्रक्रियाही आहे. ती खरी आहे, थोतांड नव्हे. पण तिला लाखो रुपये लागतात. ती सर्वांना लागत नाही, सर्वांना चालत नाही, आणि तिनेही आजार मुळापासून जात नाही. मोठ्या रुग्णालयातल्या मेंदूच्या डॉक्टरांनी नीट तपासून सांगितल्याखेरीज तिचा विचार करू नये.

दुसरी वाट : प्रवास

आम्ही आधी दर महिन्याला भाड्याची जीप करून दादांना शहरात नेत होतो. निम्मा पैसा जीपवाल्याला जाई. नंतर आम्ही मेंदूच्या डॉक्टरांनाच विचारले. ते म्हणाले, "तब्येत स्थिर असेल तर सहा महिन्यांनी आणा." आम्ही विचारलेच नव्हते, म्हणून त्यांनी सांगितले नव्हते.

मधल्या काळात काही अडले तर आरोग्य उपकेंद्रात जावे. तिथे ई-संजीवनी नावाची सरकारी सोय आहे. फोनच्या पडद्यावर दूरचा डॉक्टर दिसतो, बोलतो, औषध सांगतो. पैसे लागत नाहीत.

एस. टी.च्या सवलतीही ध्यानी धरा. ७५ वर्षांपुढच्या माणसाला प्रवास मोफत. ६५ ते ७५ वर्षांच्या माणसाला अर्धे तिकीट. बायकांना २०२३ पासून अर्धे तिकीट. म्हणून दादांबरोबर बहुधा वहिनीच जातात. दोघांचे मिळून एकच तिकीट पडते.

तिसरी वाट : पडझड

कंपवाताच्या माणसाचे घरात पडणे हे फार महागात जाते. खुब्याचे हाड मोडले तर माणूस अंथरुणाला खिळतो. आणि ते टाळायला लागते काय? पुष्कळदा शंभर-दोनशे रुपयांचे सामान.

न्हाणीत आणि संडासात भिंतीला एक मजबूत लोखंडी दांडी बसवा. न्हाणीतले शेवाळ आठवड्याला घासून काढा. खाटेच्या पायथ्याला जाड दोर बांधा, तो धरून माणसाला उठता येते. रात्री वाटेत एक दिवा असू द्या. उंबऱ्यावर पांढरा पट्टा ओढा. पायात सैल चप्पल नको.

कंपवाताचा माणूस चालता चालता एकाएकी थिजतो. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. अशा वेळी त्याला ओढू नये. ओढले की तो पडतो. जमिनीवर वीतभर-दीड वीत अंतराने चुन्याच्या आडव्या रेघा ओढून ठेवाव्या. रेघ ओलांडायची म्हटली की पाय उचलला जातो. गंमत वाटेल, पण हे खरे आहे. मेंदूला दुसरी वाट सापडते. रेघ नसेल तेथे "एक, दोन, एक, दोन" असे मोठ्याने म्हणावे. आमच्या दादांच्या ओसरीपासून न्हाणीपर्यंत बारा रेघा आहेत. दर पोळ्याला घर सारवताना त्या नव्याने ओढतात.

रोज चालणे, हातपाय ताणणे, मोठ्याने वाचणे किंवा भजन म्हणणे, हा व्यायाम फुकट आहे आणि औषधाइतकाच मोलाचा आहे. जेवताना ताठ बसवून लहान घास द्यावा. घाईने घास श्वासनलिकेत जातो आणि छातीचा आजार होतो.

इतके करूनही दवाखान्यात ठेवायची वेळ आलीच तर दोन गोष्टी आठवा. एक, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे ठरलेले उपचार मिळतात. ७० वर्षांपुढच्या प्रत्येकाला ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान कार्डावरही वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, मग उत्पन्न कितीही असो. या दोन्ही योजना दवाखान्यात भरती झाल्यावर कामी येतात. रोजच्या गोळ्या त्यांत येत नाहीत. ही गफलत पुष्कळांची होते. दोन, धर्मादाय रुग्णालये. कायद्याने त्यांनी शंभरांतल्या दहा खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा खाटा दुर्बळांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. वर्षाचे उत्पन्न १,८०,००० रुपयांच्या आत असेल तर मोफत, ३,६०,००० च्या आत असेल तर सवलत. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. आजारी माणूस बाहेर झोपवून तहसीलात धावण्याची वेळ येऊ देऊ नका.

दाखला : सगळ्या कुलपांची एक किल्ली

२०१६ साली देशात दिव्यांगांच्या हक्कांचा नवा कायदा झाला. त्याच्या यादीत २१ प्रकारची अपंगत्वे आहेत. कंपवात त्या यादीत आहे. तसेच स्नायू झिजण्याचा आजारही आहे, आणि मज्जातंतूंचे इतरही काही लांबचे आजार आहेत. पुष्कळांना वाटते, हात किंवा पाय तुटला तरच अपंगाचा दाखला मिळतो. तसे नाही.

दाखल्याचा अर्ज आता संगणकावरून करतात. गावातल्या सेवा केंद्रात आधार कार्ड, फोटो आणि डॉक्टरांचे कागद घेऊन जावे. मग जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व ठरले की बहुतेक सवलती लागू होतात. पहिल्या वेळी कमी टक्के आले तर हिरमुसू नये. हा वाढणारा आजार आहे. पुढे पुन्हा तपासणी मागता येते. दादांना दुसऱ्या खेपेला दाखला मिळाला.

या एका दाखल्याने काय मिळते?

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत महिन्याला पैसे मिळतात. वय ६५ च्या पुढे गेले की श्रावणबाळ योजना. दिव्यांग माणसाला या योजनांत ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला २,५०० रुपये आहेत. दिव्यांगासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट ५०,००० रुपयांची आहे. अर्ज तहसील कार्यालयात करावा. पोच घ्यावी, आणि पोचेवरची तारीख वहीत लिहून ठेवावी.

दुसरे आपल्या ग्रामपंचायतीत आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातली ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. ही कोणाची मेहेरबानी नव्हे. ग्रामसभेत उभे राहून विचारावे, "यंदाचे पाच टक्के किती झाले आणि कोठे खर्च झाले?" दादांची संडासाची खुर्ची याच पैशांतून आली. पहिल्या वर्षी आम्ही विचारले तेव्हा उत्तर मिळाले नाही. दुसऱ्या वर्षी गावातल्या चार घरांनी मिळून विचारले, तेव्हा मिळाले.

दाखल्यावर एस. टी.त ६५ वर्षांच्या आतल्या माणसालाही तिकिटाची सवलत मिळते. काठी, वॉकर, चाकाची खुर्ची यांसाठीही सरकारी शिबिरे भरतात.

चौथी वाट : घरच्यांचे कष्ट

आता सर्वांत अवघड वाट. रोग्यापाशी बसायचे कोणी? बहुतेक घरांत हे न विचारताच ठरते. सून किंवा मुलगी. पुढे तिची मजुरी जाते, तिची पाठ जाते, तिची शाळा जाते. आणि हा खर्च कोणी खर्च मानीत नाही.

आम्ही त्या रात्री वहीत दिवसाचे तास मांडले. दादांना खरोखर माणूस कधी लागतो? पहाटे उठताना, न्हाताना, आणि दुपारी गोळीचा जोर उतरतो तेव्हा. बाकीचा वेळ नजर असली तरी पुरे. मग कामे वाटली. पहाटेचे पुतण्याकडे. आंघोळ घालणे बायकांचेच काम, असे कोठे लिहिले आहे? दुपारचे आमच्याकडे, शाळा सुटल्यावर. सूनबाई सकाळच्या खुरपणीला पुन्हा जाऊ लागली. शेजारची म्हातारी आपली वाती वळायची टोपली घेऊन ओसरीवर येऊन बसू लागली. तिलाही सोबत झाली. नात शाळेत गेली.

तिच्याकडे एकच काम ठेवले. रात्री दुसऱ्या दिवसाच्या गोळ्या मोजून चार वाट्यांत ठेवायच्या आणि वेळ लिहायची. अक्षर तिचे चांगले होते.

असे घर एकटे असले तर कुढते. दोन-चार घरे जमली तर धीर येतो. पुण्यात कंपवाताच्या रोग्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी मिळून पार्किन्सन्स मित्रमंडळ चालवले आहे. ते एकत्र जमतात, व्यायाम करतात, एकमेकांना वाट दाखवतात. खेड्यात एकाच आजाराची इतकी घरे मिळणार नाहीत. पण ज्यांच्या घरी लांबचा आजार आहे, मग तो कोणताही असो, ती घरे जमू शकतात. एकाच गाडीने दवाखान्यात जाता येते. एकाने दाखल्याची वाट पाहिली की ती दुसऱ्याला सांगता येते.

जमीन विकण्याआधी

शेवटी एक कळकळीचे सांगणे. लांबच्या आजारात पहिल्या वर्षी फार पैसा खर्चू नका. बैलाला लांबची मजल मारायची असली तर आपण त्याला पहिल्या कोसातच पळवीत नाही. हा आजार पंधरा वर्षांची मजल आहे.

कोणी मोठा उपचार सांगितला तर तीन प्रश्न विचारा. याने आजार मुळापासून जातो का? हे लेखी देता का? सरकारी रुग्णालयातले डॉक्टर याला मान्यता देतात का? कंपवातासारख्या आजारात पहिल्या प्रश्नाला जो "हो" म्हणेल, तो खोटे बोलतो. तिथून उठावे.

कर्ज काढावेच लागले तर आधी बचत गट, सोसायटी, बँक पाहावी. शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के व्याज होते. कायद्याने इतके व्याज घेता येत नाही. त्यासाठी महाराष्ट्रात २०१४ चा सावकारीचा कायदा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते.

दादांच्या सावकाराचे पैसे आम्ही निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पैशांतून फेडले. पण प्रत्येकाच्या घरी पेन्शनवाला भाऊ नसतो. म्हणून तर हे सगळे लिहिले.

दादा आज सत्तरीच्या पुढे आहेत. हात कापतोच. चाल मंद आहे, बोलणे हळू झाले आहे. आजार थांबलेला नाही आणि थांबणारही नाही. पण ते ओसरीवरच्या रेघा ओलांडीत स्वतःच्या पायांनी न्हाणीत जातात. नात कॉलेजात शिकते. गोळ्यांच्या वाट्या आता वहिनी भरतात. साठी उलटल्यावर त्या आकडे शिकल्या.

ओढ्याकाठची एकर परत आली नाही. उरलेली दोन एकर मात्र अजून घरची आहे.

ध्यानात ठेवा

१. लांबचा आजार बरा होत नसला तरी सांभाळता येतो.
२. रोजची गोळी आधी, बाकी सगळे नंतर. गोळी एकाएकी बंद करू नये.
३. औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे. गोळीवरचे दोन्ही आकडे जुळवावे.
४. घरात पडू नये म्हणून दांडी, दोर, दिवा आणि रेघा.
५. दिव्यांगाचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला वेळेआधी काढावा.
६. आजारी माणसाचे काम घरात सर्वांनी वाटून घ्यावे. मुलीची शाळा तोडू नये.
७. "मुळापासून बरे करतो" म्हणणाऱ्यासाठी जमीन विकू नये.